जहाजी कंदील

जहाजी कंदील : सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जहाजाचे स्थान व रोख इतर जहाजांना कळावा म्हणून लावण्यात येणारा, तसेच जहाजातील खोल्या, जिने, यंत्रघर व मालकोठारे उजळण्यासाठी वापरण्यात येणारा, वारा-पाण्यापासून ज्योतीचे रक्षण करणारा बंदिस्त दिवा. ‘कंदील’ हा मराठी शब्द अरबी ‘किंदील’ या शब्दावरून आला असून त्याचे मूळ मेणबत्ती या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत पोचते. जहाजांवर विजेचा वापर रूढ झाल्यावर व जुनी जहाजे तोडली जाऊ लागल्यावर हे कंदील बाजारात आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरे, उपाहारगृहे व कार्यालये यांच्या सजावटीत त्यांना स्थान मिळाले.

घरातील दिवा माणसाला वस्तू दिसाव्यात म्हणून लावतात. जहाजाच्या बाहेरील दिवा मात्र जहाज दुसऱ्याला दिसावे म्हणून लावतात. पहिला उजेड देतो, दुसरा संदेश देतो. जहाजी कंदिलाचा आकार, काचेचा रंग आणि धातूची निवड या सर्व गोष्टी या संदेशाच्या गरजेतून ठरल्या. घरात आल्यावर संदेश लोपतो व आकार तेवढा उरतो. या स्थित्यंतराचा इतिहास पाहताना समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस असलेले पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके उपयुक्त दाखला ठरतात. भारतीय जहाजउद्योगाच्या एका प्रवर्तकाची वसाहत इंदापूर तालुक्यात आहे. आणि या भागातील घरगुती दिव्यांचाही उपयोगाच्या वस्तूकडून शोभेच्या वस्तूकडे असाच प्रवास झाला आहे.

रचना व प्रकार : जहाजी कंदिलाचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला संकेतदीपांचा व दुसरा अंतर्गत दिव्यांचा. संकेतदीपांत डोलकाठीवरील पांढरा दिवा, डाव्या बाजूचा तांबडा व उजव्या बाजूचा हिरवा दिवा, मागील बाजूचा पांढरा दिवा आणि नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाचा सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा हे मुख्य होत. अंतर्गत दिव्यांत खोलीच्या भिंतीवरील दिवे, होकायंत्राचा दिवा, मालकोठारात उतरवावयाचे मोठे दिवे आणि काचेवर धातूची जाळी असलेले यंत्रघरातील दिवे यांचा समावेश होतो. जहाजाच्या हेलकाव्यांनी तेल सांडू नये व ज्योत सरळ राहावी, म्हणून खोलीतील दिवे एकात एक बसविलेल्या दोन फिरत्या कड्यांत टांगलेले असत.

संकेतदीपाचे तीन मुख्य भाग असतात : तळाशी तेलाची टाकी व वात, मध्ये भिंग व वर धूर बाहेर सोडणारे झाकण. झाकणाची रचना अशी असते की, धूर बाहेर पडतो परंतु वाऱ्याचा झोत वा पावसाचे पाणी ज्योतीपर्यंत पोचत नाही. ज्योतीभोवतीच्या जाड काचेवर आडवी वलये पाडलेली असतात. ऑग्युस्तीन झां फ्रेनेल (१७८८–१८२७) या फ्रेंच भौतिकीविज्ञाने दीपगृहांसाठी वलयांकित भिंगाची योजना केली व १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआं येथील दीपगृहात ते बसविण्यात आले. वर व खाली वाया जाणारा प्रकाश हे भिंग वळवून क्षितिजाच्या पातळीत आणते. त्याच तत्त्वाची लहान भिंगे पुढे जहाजी कंदिलांत आली व लहानशी ज्योत काही सागरी मैलांवरून दिसू लागली. [→ दीपगृह].

कंदिलासाठी तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पत्रे वापरीत. खाऱ्या हवेत तांबे व पितळ लोखंडापेक्षा अधिक टिकतात, हे त्यांच्या निवडीचे एक कारण होय. दुसरे कारण होकायंत्राशी संबंधित आहे. लोखंडाच्या सान्निध्याने होकायंत्राची सुई विचलित होते. त्यामुळे त्याच्या जवळचे दिवे अचुंबकीय धातूंचेच असावे लागत. आज घरांत आकर्षक वाटणारी पितळेची झळाळी अशा रीतीने दिशाज्ञानाच्या गरजेशी निगडित आहे.

काचेच्या रंगाचीही अशीच कथा आहे. जुन्या उजव्या दिव्याची काच दिवसा पाहिली असता हिरवी न दिसता निळसर हिरवी दिसते. तेलाची ज्योत पिवळी असते. तिचा प्रकाश निळसर काचेतून बाहेर पडला की दुरून हिरवा दिसतो. अशा कंदिलात पांढऱ्या प्रकाशाचा आधुनिक दिवा बसविल्यास काच निळसर भासते व मूळ परिणाम नाहीसा होतो. पिवळसर प्रकाशाचा दिवा बसविल्यास तो बराचसा परत मिळतो.

इतिहास : शिडांच्या जहाजांच्या काळात यूरोपीय युद्धनौकांच्या मागील बाजूस मोठे, कोरीव व सोनेरी मुलाम्याचे कंदील असत. ताफ्यातील इतर नौकांना सेनापतीची नौका ओळखता यावी, हा त्यांचा एक उद्देश होता. त्या काळी अग्नी हा लाकडी जहाजाचा मोठा शत्रू मानला जाई. दारूकोठारात उघडा दिवा नेण्यास सक्त मनाई असे. शेजारच्या खोलीत दिवा ठेवून जाड काचेच्या खिडकीतून कोठारात उजेड पाडीत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेची जहाजे आली व टकरींचा धोका वाढला. ही जहाजे वाऱ्यावर अवलंबून नसल्याने कोणत्याही दिशेने व वेगाने येऊ शकत. समोरून येणाऱ्या जहाजाचा रोख अंधारात ओळखणे कठीण होई. १८४८ मध्ये ब्रिटनने वाफेच्या जहाजांना डोलकाठीवर पांढरा, डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा दिवा लावणे बंधनकारक केले. १८५८ मध्ये शिडाच्या जहाजांनाही बाजूचे दिवे सक्तीचे झाले. १८६३ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून केलेली नियमावली इतर अनेक सागरी राष्ट्रांनी स्वीकारली. १८८९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी परिषदेत तिची पुनर्रचना झाली. सध्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये लंडन येथे संमत झाले व १५ जुलै १९७७ पासून अंमलात आले.

इंधनातही याच काळात बदल झाला. प्रारंभी वनस्पतिज तेल व देवमाशाचे तेल वापरीत. १८५० नंतर खनिज तेलापासून मिळविलेले रॉकेल उपलब्ध होऊ लागले. अमेरिकेत १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांनी पेनसिल्व्हेनियात तेलविहीर खोदल्यावर खनिज तेलाचा पुरवठा वाढला. रॉकेलची ज्योत अधिक तेजस्वी असल्याने समुद्रावर व जमिनीवर दोन्हीकडे कंदिलांची नवी पिढी निर्माण झाली. ब्रिटनमधील विल्यम हार्वी व डेव्ही, अमेरिकेतील पर्किन्स आदी उत्पादकांचे जहाजी कंदील जगभर पसरले.

अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ या जहाजावर १८८० मध्ये एडिसन यांचे विजेचे दिवे बसविण्यात आले. त्यानंतर वीज हळूहळू सर्वत्र आली. परंतु विजेचा पुरवठा खंडित झाल्यास उपयोगी पडावेत म्हणून तेलाचे संकेतदीप पुढे अनेक दशके जहाजांवर ठेवण्यात येत. विजेच्या काळातील जहाजांवरही तेलाचे कंदील सापडतात, त्याचे कारण हेच होय.

संकेताची भाषा : होकायंत्राचे वर्तुळ ३२ भागांत विभागलेले असते व प्रत्येक भाग ११·२५ अंशांचा असतो. बाजूचा प्रत्येक दिवा अशा १० भागांपर्यंत, म्हणजे ११२·५ अंशांच्या कोनातून दिसला पाहिजे. मागील दिवा १२ भागांतून, म्हणजे १३५ अंशांतून आणि डोलकाठीवरील दिवा २० भागांतून, म्हणजे २२५ अंशांतून दिसला पाहिजे. बाजूचे दोन दिवे व मागील दिवा मिळून ३६० अंशांचे पूर्ण वर्तुळ होते. त्यामुळे जहाजाकडे कोठूनही पाहिले तरी एखादा दिवा दिसतोच आणि कोणता दिवा दिसतो यावरून जहाजाचा रोख समजतो. तांबडा व हिरवा हे दोन्ही दिवे एकाच वेळी दिसल्यास जहाज थेट समोरून येत आहे, असे समजावे. दोन यंत्रचलित जहाजांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याला दुसरे जहाज आपल्या उजव्या हाताला दिसते त्याने वाट द्यावयाची असते. अशा वेळी त्याला दुसऱ्याचा डावा, म्हणजे तांबडा दिवा दिसतो. पन्नास मीटर वा अधिक लांबीच्या जहाजाचा डोलकाठीवरील दिवा किमान ६ व बाजूचे दिवे किमान ३ सागरी मैलांवरून दिसावेत, असा नियम आहे (१ सागरी मैल = १·८५२ किमी.).

बाजूच्या कंदिलाची पाठ सपाट वा कोनाकार व पुढील भाग गोलाकार का असतो, याचा उलगडा यावरून होतो. नेमून दिलेल्या कोनाबाहेर प्रकाश जाऊ नये, यासाठी तो पाठीमागून बंद केलेला असतो. पाठ सपाट असल्यामुळेच तो घराच्या भिंतीवर नीट बसतो. या जोडीची मूळ योजना राखावयाची असेल, तर घराचे दार जहाजाचा पुढील भाग मानून, आत उभे राहून बाहेर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला तांबडा व उजव्या हाताला हिरवा कंदील लावणे सुसंगत ठरते.

जहाजतोडणी व बाजार : जहाज तोडल्यावर त्याचे पोलाद वितळविण्यास जाते, फर्निचर, भांडी, दोर, घड्याळे, दिवे इ. सुट्या वस्तू स्वतंत्रपणे विकल्या जातात. मुंबईत माझगावच्या दारूखाना भागात जहाजतोडणीचा व्यवसाय दीर्घकाळ चालत आला आहे. तेथील व इतर जुन्या वस्तू चोर बाजारातील मटण स्ट्रीटवरील दुकानांतून ग्राहकांपर्यंत पोचतात. १९८३ पासून गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातील अलंग येथे हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. तेथील मोठी भरती-ओहोटी व उताराचा किनारा यांमुळे भरतीच्या वेळी जहाज किनाऱ्यावर चढविता येते. अलंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जहाजांतील वस्तूंची दुकाने आहेत.

हा व्यवसाय कामगारांच्या दृष्टीने धोक्याचा आहे. जुन्या जहाजांत ॲस्बेस्टस, शिसेयुक्त रंग व तेलाचे अवशेष असतात. उंचावरून पडणे, आग व स्फोट यांनी अनेक कामगार मृत्यू पावले आहेत. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत निर्देश दिले. २०१९ मध्ये जहाज पुनर्चक्रण अधिनियम संमत झाला. २००९ मध्ये हाँगकाँग येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ रोजी अंमलात आला. शोभेच्या कंदिलाच्या किंमतीत या श्रमांचा उल्लेख कोठे नसतो. तथापि त्याचा इतिहास त्यांना वगळून पूर्ण होत नाही.

तोडणीनंतर काय टिकते, याचे एक लक्षणीय उदाहरण म्हणजे भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली ही नौका १९९७ मध्ये सेवानिवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये दारूखाना येथे तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा अंश वापरून २०१६ मध्ये एका भारतीय कंपनीने दुचाकी बाजारात आणली. येथे द्रव्य उरले. रूप मात्र गेले. कंदिलाच्या बाबतीत याच्या उलट घडते : रूप व द्रव्य दोन्ही उरतात, कार्य तेवढे संपते. म्हणूनच तोडलेल्या जहाजाविषयी माहिती देऊ शकणाऱ्या वस्तूंत कंदिलाला महत्त्व आहे.

बारामती व इंदापूर : नीरा, कऱ्हा व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश पर्जन्यछायेत मोडतो. येथील घरांतील पारंपरिक दिवे म्हणजे पणती, निरांजन, समई व साखळीने टांगलेला लामणदिवा. त्यांत करडई, तीळ, एरंड यांसारखी तेले जळत. बारामतीत कऱ्हाकाठी बाबूजी नाईक यांचा वाडा असून त्यांच्या आश्रयास राहिलेले पंडित कवी मोरोपंत (१७२९–९४) याच दिव्यांच्या काळातील होत. पेशवाईत सरदार-सावकारांच्या वाड्यांत यूरोपीय काचेच्या हंड्या व झुंबरे आली. सामान्य घरांत मात्र तेलवातीचा दिवाच राहिला. हे दिवे उघड्या ज्योतीचे होते. वाऱ्यात नेता येईल असा काचबंद दिवा रॉकेलबरोबर आला. ‘रॉकेल’ व ‘घासलेट’ हे दोन्ही मराठी शब्द इंग्रजीतून आलेले असून ते या बदलाची साक्ष देतात.

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला व या तालुक्यांतील शेतीचे स्वरूप पालटू लागले. उसाला रात्री पाणी देताना बांधावर कंदील लागे. या कामासाठी वापरला जाणारा वादळी कंदील हा जहाजी कंदिलाचा जमिनीवरील नातलग होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जॉन अर्विन यांनी बाजूच्या नळ्यांतून ज्योतीला हवा पुरविणारी त्याची रचना विकसित केली. महाराष्ट्रात ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. त्या वसाहतीस ओगलेवाडी हे नाव मिळाले. वडिलांच्या नावावरून ‘प्रभाकर’ असे नामकरण केलेला त्यांचा कंदील मराठी खेड्यापाड्यांत घरोघरी पोचला आणि स्वदेशी उद्योगाचे प्रतीक बनला. हा कारखाना पुढे बंद पडला. आज प्रभाकर कंदीलही जुन्या वस्तूंच्या दुकानात शोभेची वस्तू म्हणून आढळतो.

या प्रदेशाचा जहाजांशी आलेला संबंध मुख्यतः वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) या उद्योगपतींमुळे आला. सोलापूर येथे जन्मलेल्या वालचंदांनी नरोत्तम मोरारजी व इतर सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन केली. त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. हे जहाज मूळचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाचे, कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे प्रवासी जहाज होते व १८९१ पासून ते पॅसिफिक महासागरात चाले. १९१४ मध्ये ते ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले व पहिल्या महायुद्धात ते रुग्णालय-जहाज म्हणून वापरले गेले. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यावरूनच कंपनीला ‘सिंदिया’ हे नाव पडले. १९२३ मध्ये ‘लॉयल्टी’ मोडीत काढण्यात येऊन मुंबईस तोडण्यात आले.

वालचंदांनी १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाना उभारला. त्याभोवतीच्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले. २१ जून १९४१ रोजी विशाखापटनम येथील त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. एकाच उद्योजकाने नीरेच्या खोऱ्यात ऊस व समुद्रावर जहाजे या दोन्ही उद्योगांची उभारणी केली. तरीही या तालुक्यांतील सामान्य कुटुंबाला जहाज पाहण्याचा प्रसंग क्वचितच येई. कोकणातील तांडेलाच्या घरी एखादा जुना नौकादीप वारशाने येऊ शकतो. बारामती वा इंदापूर येथील घरात तो विकत घेतलेली वस्तू म्हणूनच येतो. त्यामुळे त्याची भाषा समजावून घेण्याची गरज येथे अधिक असते.

कंदील शोभेचा होणे, ही सर्वांसाठी एकाच वेळी घडलेली गोष्ट नाही. शहरांतील दिवाणखान्यांत जुने कंदील सजावटीसाठी टांगले जात असताना ग्रामीण भागातील अनेक घरे उजेडासाठी रॉकेलवरच अवलंबून होती. बारामतीच्या दक्षिणेस, नीरेपलीकडील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काळात अशा घरांसाठी ‘नूरी’ हा अधिक प्रकाश देणारा कंदील विकसित केला. वीज घरोघरी पोचल्यावरही भारनियमनाच्या काळात कंदील पुन्हा खुंटीवरून खाली येई. ज्या वस्तूची गरज संपते तीच शोभेची होते, असा सर्वसाधारण क्रम दिसतो. आणि गरज कोणाची केव्हा संपली, हे त्या समाजाच्या आर्थिक इतिहासाचे गमक ठरते.

अस्सल व नक्कल : वाढत्या मागणीमुळे जहाजी कंदिलांच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर तयार होतात. उत्तर भारतातील मुरादाबाद व रूडकी ही पितळी वस्तू व नौकासाहित्याच्या प्रतिकृती यांची प्रसिद्ध केंद्रे आहेत. प्रतिकृती ही स्वतंत्र कारागिरी असून ती प्रतिकृती म्हणून विकण्यात गैर काही नाही. ती जुनी म्हणून विकणे ही फसवणूक होय. प्रत्यक्ष वापरलेल्या कंदिलाचा पत्रा सामान्यतः जाड असतो, सांधे मजबूत असतात, तेलाची टाकी व वातीची जागा कामचलाऊ नसते. झाकणाच्या आतील बाजूस काजळी, कड्या व बिजागऱ्यांवर झीज आणि एकावर एक चढलेले रंगाचे थर आढळतात. कृत्रिम जुनेपणा बहुधा सर्वत्र सारखा असतो. खरी झीज हात लागतो तेथे अधिक असते. धातूच्या पट्टीवर उत्पादकाचे नाव, क्रमांक वा दिव्याचे स्थान कोरलेले असते. परंतु अशी पट्टी नव्यानेही बसविता येत असल्याने तो एकमेव पुरावा मानता येत नाही.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये पुरावस्तू ठरण्यासाठी वस्तू साधारणपणे किमान शंभर वर्षांची असावी लागते. बाजारात ‘पुरातन’ म्हणून विकले जाणारे अनेक जहाजी कंदील विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे असल्याने या अर्थाने पुरावस्तू ठरत नाहीत.

घरगुती वापर व जतन : तेलाच्या कंदिलात विजेचा दिवा बसविताना टाकीला भोक पाडणे ही नेहमीची चूक होय, त्यामुळे मूळ भाग कायमचा बिघडतो. टाकी काढून वेगळी जपावी व तिच्या जागी सुटा धारक बसवावा, म्हणजे कंदील केव्हाही पूर्ववत करता येतो. जहाजावरील विद्युत् दाब घरगुती २३० व्होल्टपेक्षा वेगळा असू शकत असल्याने विजेवरील जुन्या जहाजी दिव्यांची तार व धारक बदलणे आवश्यक असते. धातूच्या आवरणास भूसंपर्कन द्यावे. बंदिस्त कंदिलात उष्णता साठते. म्हणून कमी उष्णता देणारा, पिवळसर प्रकाशाचा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थी दिवा वापरणे योग्य होय. जुना रंग कोरडा खरवडू नये, कारण त्यात शिसे असण्याचा संभव असतो. झाकणाखालील तंतुमय पट्टी ॲस्बेस्टसची असण्याची शक्यता लक्षात घेऊन ती न हाताळणे बरे. मोठा पितळी कंदील बराच जड असल्याने तो छताच्या हुकावर टांगण्यापूर्वी आधाराची खात्री करावी.

वारंवार घासून झळाळी आणण्याने कोरीव अक्षरे पुसट होतात व वापराच्या खुणा नाहीशा होतात. वस्तूबरोबर तिची माहिती जपणे हे जतनाचे मुख्य अंग होय : कंदील कोणत्या जहाजाचा, कोठे तोडलेल्या, कोणत्या स्थानी बसविलेला, हे ज्ञात असल्यास लेखी नोंदवून ठेवावे. घरगुती दिव्यांच्या बाबतीत अशा कार्याचा आदर्श पुणे येथे पाहावयास मिळतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी भारतभर हिंडून दैनंदिन वापराच्या वस्तू जमविल्या. पुढे महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द झालेल्या त्यांच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात समया, लामणदिवे, आरत्या इत्यादींचा समृद्ध संग्रह आहे. मोडीच्या भावाने विकले गेले असते असे अनेक दिवे त्यामुळे अभ्यासाचे साधन बनले.

बारामती व इंदापूर येथील जुन्या घरांतून लामणदिवा वा प्रभाकर कंदील बाहेर पडतो आणि मुंबई वा अलंगहून आलेला जहाजी कंदील नव्या घरात प्रवेश करतो. दोहोंचे मूळ कार्य आता संपलेले आहे. बांधावरच्या कंदिलाचा वापर सांगू शकणारी पिढी या तालुक्यांत अद्याप आहे. दूरच्या जहाजाच्या कंदिलाबाबत असा साक्षीदार घरात नसतो, त्याच्या धातूवरील खुणा व सोबतची नोंद हाच आधार असतो. म्हणून जहाजी कंदिलाची नोंद ठेवताना त्याच घरातील स्थानिक दिव्याचीही विचारपूस करून ठेवणे इष्ट होय. [→ काच उद्योग; दिवे; नौकानयन].